चेंबरच्या दाराचं रबर

लखनौला समुद्र नाही, हे मला आजवर इतक्या जणांनी ऐकवलंय की आता कोणी नव्याने सांगायला लागलं तर मी सरळ उठून चहा टाकायला जाते. माहीत आहे हो. मलाही नकाशा वाचता येतो. पण माझ्या नोकरीतली सगळ्यात जास्त दमवणारी दोन वर्षं समुद्राच्याच कामात गेली, आणि ती मी मानक नगर ते तालकटोरा एवढ्याच रस्त्यावर काढली. त्यातही मेट्रोसाठी आलमबाग खणून ठेवलेलं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा केसांत, कानांत, डब्यात सगळीकडे धूळ. मुलगी म्हणायची, ‘‘मम्मी, पहले नहा लो.’’ मी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि त्यावर भांडायचंही त्राण माझ्यात उरलेलं नसायचं.

नवरा रेल्वेच्या संशोधनखात्यात, म्हणून आम्ही मानक नगरच्या कॉलनीत. मी रबराचं शिकलेली. मिरजेहून इकडे आल्यावर कोण देणार मला नोकरी, असं वाटत होतं, पण तालकटोऱ्याच्या एका छोट्या कारखान्यात मिळाली. रेल्वेच्या डब्यांना लागणारे रबराचे तुकडे, पट्ट्या, वायसर, असलं काहीबाही तिथे बनायचं. रबर कसं मळायचं, किती शिजवायचं, हे बघणं माझं काम. शिजवायचं म्हणजे अक्षरशः शिजवायचंच. साच्यात घालून, दाबून, तापवून. घरी कुकर आणि कारखान्यात प्रेस. माझं आयुष्य शिट्ट्या मोजण्यातच जाणार असं मी नवऱ्याला म्हणायचे.

माझा धाकटा भाऊ नौदलात पाणबुड्या होता. आई-वडील गेल्यापासून त्याला घर म्हणजे माझंच घर. रजा मिळाली की मुंबईहून गाडीत बसायचा आणि चारबागला उतरायचा. त्याचं जहाज लढाईचं नव्हतं. दुसऱ्याचं जहाज बुडालं, खडकावर चढलं, आग लागली, की धावून जायचं, माणसं काढायची, जमलं तर जहाजही ओढून आणायचं. बचावाचं जहाज. फार पूर्वी परदेशातून घेतलेलं. ज्या कारखान्यात ते बांधलं तो कधीच बंद पडलेला, त्यामुळे त्याचे सुटे भाग मिळायचे वांधे. काहीही मोडलं की देशभर कुठे कुठे करून घ्यायचे. असं फिरत फिरत एक काम आमच्या कारखान्यात आलं. मालकाला नौदलाचं काम मिळाल्याचा केवढा आनंद! मी मात्र कागद वाचला आणि जहाजाच्या नावापाशीच थांबले. जहाज भावाचंच होतं.

काम होतं चेंबरच्या दाराच्या रबराचं. हे चेंबर म्हणजे काय ते मला त्यानेच एकदा सोड्याच्या बाटलीवर समजावून सांगितलं होतं. खोल पाण्यात माणसावर पाण्याचा दाब असतो. माणूस हळूहळू वर आला तर ठीक. एकदम वर आला तर रक्तात बुडबुडे होतात, बाटलीचं झाकण फटकन उघडल्यासारखे. पण पाणी थंड असेल, समुद्र खवळलेला असेल, तर पाणबुड्याला तासन् तास खाली लटकवत ठेवता येत नाही. मग त्याला लवकर वर काढतात, डेकवरच्या लोखंडी खोलीत घालतात, दार लावतात आणि आत हवा भरून पुन्हा तेवढाच दाब चढवतात. मग सावकाश उतरवतात. वर आल्यापासून दाब चढेपर्यंत मिनिटांचा खेळ. उशीर झाला तर सांधे जातात, पाय जातात, माणूसही जातो.

आणि त्या खोलीचं दार आतून चौकटीवर टेकतं. एकदा हवा भरली की तीच दाराला दाबून धरते. पण अगदी सुरुवातीला, हवा भरायला लागते तेव्हा, दाराच्या कडेच्या रबराने चौकट धरायला हवी. रबर मेलेलं असेल तर हवा फुसफुस करत बाहेर जाते, दाब चढत नाही, आणि आत पाणबुड्यासोबत बसलेला माणूस दाराला खांदा लावून रेटत राहतो. भावाच्या जहाजावर रेटतच होते.

जहाजाकडून नमुना आला. नकाशा नाही, मापं नाहीत, फक्त नमुना. सायकलच्या टायरएवढी रबराची कडी, तिला चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर लाखेचं सील. आणि हुकूम असा की नमुन्याबरहुकूम करून द्या.

रबर वर्षानुवर्षं दाबाखाली राहिलं की बसतं. गोल असतं ते चपटं होतं, आणि काढून ठेवलं तरी पुन्हा गोल होत नाही. नमुना असा पुरता बसलेला होता. मला वाटलं, हे काय सांगायला हवं? पण मी तीन दिवस मुलीच्या तापात घरी अडकले आणि परत येऊन बघते तर आमच्या मिस्त्रींनी साचा पाडून पहिल्या कड्या काढलेल्यासुद्धा. मिस्त्री म्हणजे जुना लखनवी माणूस, पान खाऊन बोलणारा, हाताचं काम भलतंच बारीक. त्यांनी कडी माझ्यासमोर धरली.

‘‘देखिए मॅडम. हूबहू.’’

हूबहूच होती. बाजू चपटी तर चपटी. नमुन्यावर एका जागी कोणीतरी काढताना पातं लागून चीर पडली होती, तीही त्यांनी साच्यात उतरवली होती. प्रत्येक कडीला, त्याच जागी, तेवढीच चीर. मी कपाळावर हात मारला.

‘‘मिस्त्रीजी, ये चीर क्यों?’’

‘‘नमूने में है.’’

‘‘अहो पण ती पात्याने पडलीय!’’ मराठीतच ओरडले मी. मग हिंदीत ओरडले. ते शांतपणे पान चघळत म्हणाले की फौजेच्या मालात आपलं डोकं चालवायचं नसतं, पूर्वी एकदा चालवलं होतं तेव्हा सगळा माल परत आला होता. मी म्हटलं, हा माणूस वेडा आहे. पण वेडा तो नव्हता, हे मला तपासणीच्या दिवशी कळलं.

तपासणी खात्याचे साहेब कानपूरहून यायचे. निवृत्तीला आलेले, बिनसाखरेचा चहा पिणारे, सज्जन गृहस्थ. तोवर मी माझ्या हिशेबाने वेगळी कडी करून ठेवली होती. भावाला फोन करून चेंबरच्या चौकटीची खाच मोजायला लावली, दाराची कड मोजायला लावली, आणि त्यावरून गोल, भरदार, चीर नसलेली कडी काढली. साहेबांनी दोन्ही बघितल्या. मिस्त्रींची कडी नमुन्याशेजारी ठेवली, वळवली, चिरेवर बोट फिरवलं, आणि पास म्हणाले. माझी बघितली आणि मान हलवली.

‘‘मॅडम, ये नमूने जैसी नहीं है.’’

‘‘सर, नमुना ही खराब है. वो बैठा हुआ रबर है.’’

‘‘होगा. पर मेरे पास तो यही है. आप ड्रॉइंग ला दीजिए, मैं पास कर दूँगा.’’

ड्रॉइंग आणू कुठून? कप्पाळ माझं! ज्यांनी जहाज बांधलं तेच उरले नाहीत. मी वाद घातला, चढ्या आवाजात घातला, मालक मध्ये पडून ‘मॅडम, मॅडम’ करत राहिले. शेवटी मी सांगून टाकलं की त्या जहाजावर माझा सख्खा भाऊ आहे. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, ‘‘बेटा, तब तो मैं और भी कुछ नहीं कर सकता.’’ खरंच होतं ते. नात्यातल्या माणसाच्या सांगण्यावरून त्यांनी नियम वाकवला असता तर त्यांचं पेन्शन धोक्यात आलं असतं. मला त्यांचा राग येत होता, आणि राग यायला जागा नव्हती. त्यानेच जास्त थकायला होतं.

त्या दिवाळीला भाऊ आला. मी ती गोल कडी घरी आणून ठेवली होती, पलंगाखाली. स्वयंपाकघरात मी चकल्या तळत होते आणि तो कडी मांडीवर घेऊन अंगठ्याने दाबत होता, सोडत होता. दाबलं की आत जाई, सोडलं की भरून येई.

‘‘ताई, हिला काय खाऊ घातलंस?’’

‘‘तुझं डोकं. घेऊन जा आणि गुपचूप दाराला लाव. कोणाला विचारत बसू नकोस.’’

‘‘असं गुपचूप लावता येत नाही गं. साहेबांना दाखवेन. ते बघतील, तपासतील, मग लावू.’’

जाताना ती कडी त्याने खांद्यावरून आडवी घातली, वर शाल. गाडीत बसल्यावर समोरच्या बाईंनी विचारलं, ‘‘भैया, टायर ले जा रहे हैं?’’ तर म्हणे, ‘‘हाँ आंटी, पाण्यावरून चालवायची सायकल आहे.’’ अर्धं हिंदी, अर्धं मराठी. फोनवर हे सांगताना तोच जास्त हसत होता.

कडी लागली. त्याच्या साहेबांनी चार वेळा दाब चढवून-उतरवून बघितलं आणि राहू द्या म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की त्या रात्री मी वरणाला फोडणी द्यायला विसरले आणि तरी कोणावर चिडले नाही. माझ्यापुरता विषय संपला होता. माझा भाऊ ज्या खोलीत बसणार तिचं दार नीट लागत होतं. इकडे मिस्त्रींच्या चपट्या कड्या पास होऊन डब्यांत भरल्या जात होत्या, ते बघून मी तोंड फिरवायचे. सगळ्या जगाचा मक्ता मी घेतलेला नव्हता.

पण माझा भाऊ म्हणजे भलतंच खूळ. महिनाभराने कारखान्यात पेटी आली. उघडली तर आत माझीच कडी. चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर जहाजाचा शिक्का, लाखेचं सील, आणि त्याच्या साहेबांची सही. ‘सुधारित नमुना’ म्हणून अधिकृतपणे पाठवलेली. मी तिथल्या तिथे फोन लावला.

‘‘हे काय केलंस?’’

‘‘अगं, तुमच्या साहेबांना नमुना पाहिजे ना? घ्या म्हणावं नमुना. आता याच्यासारखं नसेल ते नापास!’’ असा खूश झाला होता जसा काही परीक्षेत पहिला आलाय.

‘‘आणि तुझ्या दाराला काय लावलंस?’’

‘‘आहे की जुनं. चालवत होतोच इतकी वर्षं.’’

‘‘शहाण्या, एक रबर काढून दिलं तुला, ते दाराला लागलेलं, आणि तू ते उपटून मला परत पाठवलंस?’’

‘‘ताई, एका दाराचं काय घेऊन बसलीस? आमच्या जहाजाला दोन चेंबर आहेत, आमच्यासारखं दुसरं जहाज आहे, तिथे पण पोरं दार रेटत बसतात. सगळ्यांना लागू दे ना चांगलं. आणि आम्ही कुठे जातोय? दुरुस्तीला उभे आहोत आम्ही.’’

बरोबरच होतं त्याचं. कानपूरच्या साहेबांनी पेटीवरचं सील बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसू दाबून म्हणाले, ‘‘ये तो बढ़िया नमूना भेजा है नेवी ने.’’ आधीचा माल रद्द झाला. मिस्त्रींनी नव्या कडीवरून नवा साचा पाडायला घेतला आणि मला विचारलं, ‘‘इसमें कोई चीर तो नहीं?’’ एवढ्या सगळ्यात पहिल्यांदाच आम्ही दोघं मिळून हसलो. मालकांनी समोरच्या दुकानातून जलेबी मागवली.

मापं घेऊन झाली होती. मी म्हटलं, आता नमुना परत पाठवून देऊ, त्यांच्या दाराला लागेल. तर नियमाने नाही. नवीन माल तयार होऊन पास होईपर्यंत नमुना सीलसकट कारखान्यातच राहिला पाहिजे, नाहीतर साहेब माल कशाशी ताडून बघणार? मी म्हटलं, मग दुसरी कडी पाठवते. तर पास न झालेला माल दाराबाहेर जाणार नाही. माझ्याच हाताने केलेली कडी माझ्याच टेबलावर होती, आणि तिला बांधलेल्या चिठ्ठीमुळे मला ती उचलता येत नव्हती. मी कानपूरला फोन करून साहेबांना लवकर या म्हणून गयावया केली. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ते बरे होऊन येतील तेव्हा येतील. वर आमचा जनरेटर बिघडला, प्रेस बंद. मिस्त्री म्हणाले, ‘‘हो जाएगा मॅडम, इतनी टेंशन मत लीजिए.’’ मीही स्वतःला तेच बजावत राहिले. जहाज उभंच आहे. कुठे जातंय ते.

जहाज गेलं. किनाऱ्यापासून दूर एक मालवाहू बोट बुडाली, आत माणसं अडकल्याची शक्यता होती, आणि जवळ दुसरं कोणी नव्हतं. दुरुस्ती अर्धी टाकून यांना निघायला सांगितलं. त्याचा निरोप आला, ‘‘ताई, निघतोय. फोन लागणार नाही.’’ बस्स, एवढंच.

मी कारखान्यात गेले, टेबलावरच्या कडीकडे बघितलं, आणि काम करत राहिले. दुसरं करणार काय होते? घरी जाऊन पोळ्या लाटल्या. नवऱ्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं काही नाही, दमलेय. तो रोजच्यासारखाच ‘हं’ म्हणाला, कारण मी रोजच दमलेली असायचे.

जे झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. भाऊ दोनदा खाली गेला. दुसऱ्या वेळी समुद्र चढला, त्याला घाईने वर काढावं लागलं. चेंबरमध्ये घातलं. दार लागेना. आत सोबतीला असलेला माणूस दार रेटत होता, बाहेरून दोघं हँडल ओढत होते, हवा सुटत होती, आणि दाबाचा काटा चढत नव्हता. पट्ट्या घालून, चिकटवून, एकदाचं धरलं तेव्हा उशीर झाला होता. भाऊ म्हणाला, पहिल्यांदा खुब्यात सणक आली, मग कमरेखालचं काही कळेना. तो शुद्धीवर होता. त्याला सगळं ऐकू येत होतं, हवेची फुसफुससुद्धा.

मी मुंबईला दवाखान्यात पोचले तेव्हा त्याचे पाय पांघरुणाखाली होते आणि ते हलत नव्हते. मला बघून हसला. मेल्या, हसतोस काय! मला त्याला फाडकन एक द्यावीशी वाटली, आणि पायांवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. त्याच्या उशाशी बसून मोसंबं सोललं. महिनाभर मी तिथे होते. हळूहळू एक पाय आला, मग दुसराही बराचसा आला. खुब्याचं हाड मात्र आतून गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, थोडा ओढत चालेल, पण पाण्यात पुन्हा नाही. त्याने विचारलं, ‘‘थोडंसुद्धा नाही?’’ डॉक्टर नाही म्हणाले. त्याने भिंतीकडे तोंड केलं. लहानपणी मिरजेला विहिरीत सूर मारायला मिळाला नाही की तो असाच झोपायचा.

मी परत आले त्याच आठवड्यात साहेब आले. डोळ्याला हिरवी पट्टी. एकेक कडी नमुन्याशेजारी ठेवून बघितली. सगळा माल पास. एकही नापास नाही. मालकांनी पुन्हा जलेबी मागवली. मी खाल्ली नाही. मिस्त्रींना माहीत होतं, त्यांनीही नाही खाल्ली. साहेबांना कोणी काही सांगितलं नाही आणि मीही नाही सांगितलं. त्या म्हाताऱ्या माणसाला त्या डोळ्याने रडवून मला काय मिळणार होतं?

पेट्या गेल्या. दिवस गेले. आलमबागेचे खड्डे बुजले, खांब उभे राहिले. भावाला जहाजावरच ठेवलं, पण वरच्या कामाला. त्याने मला कधी बोल लावला नाही आणि मीही त्याला कधी काही म्हटलं नाही. फोनवर आम्ही हवापाण्याचं बोलायचो. मुलीने मामाला काय सांगितलं, लखनौला थंडी किती, असलं. ते इतकं सांभाळून बोलणं मला कारखान्यातल्या दिवसभराच्या कामापेक्षा जड जायचं.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. मी प्रेसजवळ होते.

‘‘ताई, तुझी रबरं लागली. दोन्ही चेंबरला.’’

‘‘बरं.’’

‘‘आज दोन पोरं खाली सोडली होती सरावाला. वर काढली आणि आत घातली. दार एका बोटाने लागलं गं. नुसतं टेकवलं. फूस नाही, काही नाही. काटा असा सरळ वर गेला. मी बघत राहिलो.’’

आणि माझं काय बिनसलं कोण जाणे. इतके महिने गिळलेलं सगळं एकदम वर आलं. ‘‘तुला कोणी सांगितलं होतं?’’ मी ओरडले. ‘‘तुझ्या दाराला लागलेलं होतं ना! तुझ्यासाठी केलं होतं मी ते, तुझ्यासाठी! सगळ्या नौदलाचा ठेका तू घेतला होतास? दुसऱ्याच्या पोरांना एका बोटाने दार लागावं म्हणून तू आपले पाय घालवलेस, गाढवा!’’ प्रेस चालू होतं, माणसं माझ्याकडे बघत होती, मिस्त्रींनी पुढे होऊन मशीन बंद केलं. मी रडत होते आणि शिव्या देत होते. मिरजेच्या, लखनौच्या, येतील त्या.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मी थांबले तेव्हा म्हणाला, ‘‘ताई, ती दोघं आत आहेत अजून. बाहेरून काचेतून त्यांच्यावर लक्ष ठेवायचं असतं. माझी पाळी आलीय. ठेवू?’’

‘‘ठेव,’’ मी म्हटलं.